घरगुती यंत्रशाळेसाठी लेथ व साधनांची निवड : काही निकष

प्रस्तावना

धातूकाम हे कारखान्यातच करावयाचे काम होय, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. इंग्लंडमध्ये मात्र घरातील एखाद्या खोलीत लेथ ठेवून वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती, घड्याळे व उपकरणे बनविण्याची परंपरा जुनी आहे. या छंदास वाहिलेले 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक १८९८ मध्ये सुरू झाले. नॉटिंगहॅमजवळील बीस्टन येथील मायफर्ड कंपनीने १९४६ मध्ये आणलेला एमएल-७ हा लेथ या मंडळींच्या विशेष पसंतीस उतरला. त्याच्या सेंटरची बेडपासूनची उंची अवघी साडेतीन इंच होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील एखादा विज्ञानाचा अध्यापक, सेवानिवृत्त तंत्रज्ञ किंवा जुन्या वाहनांचा चाहता घरी अशी यंत्रशाळा उभारू पाहतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न 'लेथ किती मोठा घ्यावा?' हा असतो. वस्तुतः हा प्रश्न दुय्यम आहे. ज्या बाबी पुढे बदलता येत नाहीत त्या खरेदीपूर्वी पारखणे आणि यंत्राइतकाच खर्च पकड, धार व माप यांवर करणे, हे निवडीचे खरे सूत्र होय. त्याची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

जागा आणि वीज

भारतीय मानकानुसार (आयएस ८७५, भाग २) निवासी खोलीच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे स्थूलमानाने २०० किलो इतका चलभार धरून रचना केली जाते. मध्यम आकाराच्या लेथचे वजन शेकडो किलो असून ते दोनच पायांवर येते. त्यामुळे वरच्या मजल्यावरील सदनिकेत असे यंत्र नेण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घेणे अनिवार्य आहे. तळमजला असल्यास हा प्रश्न बहुतांशी सुटतो.

कारखान्यांतून बाहेर पडलेल्या यंत्रांवर बहुधा ४१५ व्होल्टची तीन फेजची मोटर असते, तर घरात एक फेज व २३० व्होल्ट एवढाच पुरवठा असतो. मोटर बदलणे हा एक मार्ग होय. दुसरा मार्ग व्हीएफडीचा. हे उपकरण एका फेजवरून २३० व्होल्टच्या तीन फेज निर्माण करते. तथापि मोटरची जोडणी ४१५ व्होल्टसाठी स्टार पद्धतीची असावी आणि तिची सहाही टोके बाहेर काढलेली असावीत. तरच ती डेल्टा पद्धतीने जोडून २३० व्होल्टवर पूर्ण शक्तीने चालविता येते. व्हीएफडी बसविल्यावर यंत्रावरील जुना फिरता स्विच मोटरच्या वाटेतून काढून टाकावा लागतो, कारण चालू असताना मधली जोडणी तुटल्यास व्हीएफडी निकामी होण्याचा संभव असतो. उत्तम अर्थिंग दोन्ही मार्गांत आवश्यकच आहे.

लेथ : कोणती मापे विचारावीत?

आपल्या बाजारात लेथ बेडच्या लांबीवरून ओळखला जातो : साडेचार फुटी, सहा फुटी इत्यादी. ही ओळख काहीशी फसवी आहे, कारण बेडचा मोठा भाग हेडस्टॉक व टेलस्टॉक यांनीच व्यापलेला असतो. म्हणून बेडवर फिरू शकणारा कमाल व्यास व दोन सेंटरांमधील अंतर ही मापे स्वतंत्रपणे विचारावीत. स्पिंडलच्या आरपार छिद्राचा व्यासही तितकाच महत्त्वाचा आहे. लांब दांडा त्यातून मागे सरकवता आला तर लहान लेथवरही त्याच्या टोकाचे काम करता येते.

यापेक्षाही महत्त्वाचा गुण म्हणजे दृढता. एका टोकास पकडलेला दांडा किती वाकेल हे बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या सम प्रमाणात, तर व्यासाच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात ठरते. बोअरिंग बार दुप्पट बाहेर काढला तर तो आठपट वाकतो. उलट त्याचा व्यास दुप्पट केला तर वाकणे सोळाव्या हिश्श्यावर येते. हलक्या यंत्रावर टूल थरथरते आणि कामाच्या पृष्ठभागावर लाटा उमटतात, यामागे बहुधा हेच गणित असते. बीडाच्या जड बेडचे महत्त्वही यातूनच स्पष्ट होते. बीडातील ग्रॅफाइट कंपने शोषून घेते, हा त्याचा आणखी एक लाभ. समान किमतीत छोटे पण वजनदार यंत्र आणि लांब पण हलके यंत्र असा पर्याय असल्यास पहिले निवडावे.

लीडस्क्रूची बाब विशेष लक्ष देण्याजोगी आहे, कारण तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये संमत झाला; पण इंची लीडस्क्रूचे लेथ पुढेही दीर्घकाळ वापरात राहिले. समजा, लीडस्क्रूला इंचास चार आटे आहेत. म्हणजे त्याचा पिच ६.३५ मिलिमीटर झाला. त्यावर १.५ मिलिमीटर पिचचे आटे पाडावयाचे तर १.५ भागिले ६.३५, म्हणजेच ३० भागिले १२७ हे गुणोत्तर हवे. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७. ही संख्या मूळ असल्याने १२७ दात्यांच्या गिअरवाचून हे गुणोत्तर अचूक साधत नाही. असा गिअर यंत्रासोबत आहे काय, हे सौदा ठरण्यापूर्वीच पाहावे. अनेकदा यंत्र एका हातातून दुसऱ्या हातात जाताना नेमके गिअरच हरवलेले असतात!

वापरलेले यंत्र पारखताना

मैसूर किर्लोस्कर (हरिहर, १९४१) आणि एचएमटी (बंगळूर, १९५३) यांची जुनी यंत्रे आजही फिरताना आढळतात. त्यांचे नाव हा पुरावा मानू नये. झीज प्रत्यक्ष मोजावी. लेथवरील बहुतेक काम चकजवळ होत असल्याने बेडही तेथेच अधिक झिजतो. सॅडलची जिब चकजवळ किंचित घट्ट करावी व सॅडल टेलस्टॉककडे सरकवावे. ते तिकडे अडकू लागले, तर चकजवळच्या झिजेचा तो पुरावा होय. ही झीज यंत्रासोबत कायमची येते, कारण बेड पुन्हा ग्राइंड करून घेण्याचा खर्च घरगुती कामास सहसा परवडत नाही. त्यानंतर स्पिंडलच्या नाकाशी डायल गेज लावून चकमधील दांडा हाताने वर उचलून पाहावा. काटा किती हलतो यावरून बेअरिंगची अवस्था कळते. क्रॉस स्लाइडच्या चाकातील थोडी मोकळीक मात्र दोष समजू नये. टूल नेहमी एकाच दिशेने पुढे नेऊन काम केल्यास ती बाधत नाही. रंगरंगोटीने तर मुळीच दिपून जाऊ नये.

पकड, धार आणि माप

अंदाजपत्रकाचा निम्मा भाग यंत्रास व निम्मा साधनांस, हा व्यवहारातील ठोकताळा योग्यच आहे. तीन जॉचा चक वस्तू झटकन पकडतो. परंतु त्यात धरलेली वस्तू ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपर्यंत केंद्राबाहेर फिरू शकते. चार स्वतंत्र जॉच्या चकमध्ये डायल गेज लावून तीच वस्तू ०.०१ मिलिमीटरच्या आत केंद्रस्थ करता येते. वेळ अधिक लागतो, पण घरी वेळेची घाई नसते. दोहोंपैकी एकच घेणे शक्य असेल तर चार जॉचाच घ्यावा.

टूलच्या बाबतीत कार्बाइडचे आकर्षण असते. २५ मिलिमीटर व्यासाच्या मऊ पोलादाचे उदाहरण घेऊ. हायस्पीड स्टीलसाठी मिनिटाला ३० मीटर हा वेग धरल्यास स्पिंडलचे सुमारे ३८० फेरे पुरतात. कार्बाइडला १०० मीटरचा वेग द्यावयाचा तर सुमारे १२७० फेरे लागतात आणि १० मिलिमीटर व्यासास सुमारे ३१८०. जुन्या लेथना हा वेग बहुधा झेपत नाही. हायस्पीड स्टीलची बिट मात्र घरच्या ग्राइंडरवर हव्या त्या आकाराची घासता येते. म्हणून लेथपाठोपाठ घ्यावयाचे यंत्र म्हणजे ग्राइंडर होय.

०.०२ मिलिमीटर लघुतम मापाचा व्हर्निअर कॅलिपर, ०.०१ चा मायक्रोमीटर आणि चुंबकी स्टँडसह डायल गेज एवढी मापनसाधने आरंभी पुरेशी आहेत. बेअरिंगखालचा दांडा एक-दोन शतांश मिलिमीटरने बारीक झाला तरी बेअरिंग सैल बसते. त्यामुळे येथे स्वस्ताचा मोह महागात पडतो. प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, तर मे महिन्यात नागपुरातील खोली सहज ४० अंशांवर जाते. १०० मिलिमीटर लांबीचे पोलाद तेवढ्याने सुमारे ०.०२३, तर ॲल्युमिनिअम ०.०४६ मिलिमीटरने वाढते. पोलादी वस्तू पोलादी मायक्रोमीटरने मोजताना दोन्ही सारखीच वाढल्याने फरक पडत नाही; ॲल्युमिनिअमच्या बाबतीत पडतो. कापून गरम झालेली वस्तू लगेच मोजण्यातील धोकाही हाच.

छिद्रण आणि मिलिंग

टॅप-डाय, कानशी, बेंच व्हाइस, सेंटर पंच ही हत्यारे कामाच्या मागणीनुसार घेत जावीत. पिलर ड्रिलवर मिलिंग करण्याचा मोह मात्र टाळावा. ड्रिल चक केवळ टेपरच्या घर्षणाने धरलेला असतो, त्याला मागून ओढून धरणारा बोल्ट नसतो. बाजूने भार येताच तो निसटून फिरत्या कटरसह खाली येऊ शकतो. लहान मिलिंगसाठी लेथच्या क्रॉस स्लाइडवर बसणारी उभी स्लाइड पुरेशी ठरते, मात्र काप हलके घ्यावे लागतात.

चष्मा ही खरेदीच्या यादीतील पहिली वस्तू असावी. हातमोजे मात्र लेथ वा ड्रिलजवळ घालूच नयेत. फिरता दांडा मोजा पकडतो आणि त्यासोबत हातही ओढून नेतो. सैल बाह्या, ओढणी, साडीचा पदर आणि गळ्यातील साखळी यांनाही हेच लागू पडते. धातूचे लांब छिलके बोटांनी न ओढता आकड्याने काढावेत. चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढून घेण्याची सवय एकदा लागली की ती सुटणे कठीण असते, आणि चावी चकमध्येच असताना मोटर सुरू झाली तर ती खोलीत कोठेही भिरकावली जाते. म्हणून स्प्रिंगमुळे आपोआप बाहेर पडणारी चावी थोड्या अधिक किमतीतही घ्यावी आणि यंत्र थांबविण्याचा स्विच डाव्या हाताच्या सहज टप्प्यात बसवून घ्यावा.