नडगीचे दुखणे आणि धावण्याचा सराव : बलार्धाचा विचार

नेरळ ते दस्तुरी नाका हा माथेरानचा घाट धावणाऱ्यांना फार आवडतो. त्यांत मुंबई-पुण्याचे हौशी मॅरेथॉनपटू असतात, तसेच पोलीस भरतीची तयारी करणारे कर्जत-खालापूर तालुक्यांतील तरुण-तरुणीही असतात. भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. चाचणीची तारीख दुखण्यासाठी थांबत नाही. अशा रुग्णास ‘महिनाभर विश्रांती घ्या’ एवढेच सांगितले, तर तो चिकित्सालयातून निघून वेदनाशामक गोळी घेतो व पुन्हा धावतो. म्हणून ‘सराव किती चालू ठेवू?’ या त्याच्या प्रश्नाचे नेमके उत्तर देणे हा चिकित्सेचाच भाग होय.

हेतुविचार

माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि नेरळ पायथ्याशी. चढताना पोटरी व टाचेची कंडरा ताणली जाते. उतरताना प्रत्येक पावलाचा आघात नडगी, गुडघा व मांडीच्या पुढील पेशींवर येतो. दस्तुरीच्या पुढे वाहनबंदी आहे. तेथील तांबड्या मातीच्या वाटा उन्हाळ्यात भुसभुशीत, तर पावसाळ्यात निसरड्या होतात. पाय विषम पडल्याने होणारी पाददुखी सुश्रुतांनी ‘वातकंटक’ या नावाने वर्णिली आहे. वाग्भटांनी त्यात श्रम हाही हेतू सांगितला. धावणाऱ्यांत हे दोन्ही हेतू एकत्र येतात. त्यात रुक्ष आहार, अपुरी निद्रा आणि अल्प काळात वाढवलेले अंतर यांची भर पडली की वातप्रकोपास वेळ लागत नाही.

निदानातील सावधगिरी

नडगीच्या आतल्या कडेला बऱ्याच लांबीवर पसरलेली आणि शरीर तापल्यावर कमी होणारी वेदना बहुधा मांस-स्नायुगत असते. परंतु एका बोटाने दाखवता येईल अशा बिंदूवर अस्थिवेदना, रात्री ठणका, एका पायावर उडी मारताच कळ ही लक्षणे दिसल्यास अस्थीला सूक्ष्म भंग झाल्याची शंका घ्यावी. आरंभीच्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. शंका राहिल्यास एमआरआय करून घ्यावा. येथे धावणे पूर्ण बंद, तडजोड नाही. गुडघा अचानक सुजणे, अडकणे वा डळमळणे या अवस्थेत अस्थिरोगतज्ज्ञांचे मत विनाविलंब घ्यावे. बीड जिल्ह्याचे ऑलिंपिकपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पडले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षीच्या टोकियो विश्वस्पर्धेस त्यांना मुकावे लागले. कोठे थांबावेच लागते, हे रुग्णास पटवण्यास हे उदाहरण उपयोगी पडते.

चिकित्सा

स्नायु-संधि-अस्थिगत वातात सुश्रुतांनी स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन सांगितले आहे. मात्र क्रम महत्त्वाचा. ताज्या, उष्णस्पर्शी शोथावर जोराचे मर्दन व शेक टाळावा. तेथे विश्रांती, शीतोपचार व सैलसर बंधन. शोथ ओसरल्यावर मृदू अभ्यंग, नाडीस्वेद, उपनाह. आभ्यंतर योग वैद्याने अग्नी, प्रकृती व चालू औषधे पाहून योजावेत. आहारात दूध, तूप, कडधान्ये, नाचणी यांचा विचार अवश्य व्हावा.

सराव किती?

व्यायाम बलार्धाने करावा, हे सर्वमान्य आहे. श्वास मुखाने सुरू होणे हे सुश्रुतोक्त बलार्धलक्षण. परंतु मुरलेल्या धावपटूत हे लक्षण उशिरा दिसते. त्याआधीच दुखावलेल्या अवयवाचे बल संपलेले असते. म्हणून दुर्बल धातूचे बल हेच प्रमाण मानावे. व्यवहारात पुढील कसोटी सोपी पडते :

१. सरावात वेदना वाढू नये, चाल बिघडू नये.
२. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलाला वेदना आदल्या दिवसापेक्षा अधिक नसावी. असल्यास सराव निम्मा करावा.
३. दम टिकवण्यासाठी सायकल वा पोहणे. नडगी व गुडघ्याच्या रुग्णाने वेदना नसल्यास घाट चालत चढावा, मात्र उतरताना दस्तुरीहून टॅक्सी घ्यावी. टाचेच्या कंडरेचे दुखणे असल्यास चढही वर्ज्य.
४. सलग अर्धा तास वेदनारहित चालता आल्यावरच एक मिनिट धावणे व एक मिनिट चालणे असा आरंभ करावा; आधी अंतर वाढवावे, वेग नंतर.

वर्षाऋतूत वात स्वभावतःच प्रकुपित असतो. त्या काळात घाटाऐवजी सपाट, कोरड्या जागी सराव सुचवावा.

औषधविक्रेत्यांसाठी

भरतीच्या दिवसांत एखादा तरुण वारंवार मलम वा वेदनाशामक मागू लागला, तर त्यास वैद्याकडे पाठवावे. लेबल नसलेल्या पुड्या देऊ नयेत. त्यांत स्टेरॉइडची भेसळ असण्याचा धोका असतो. स्पर्धात्मक खेळाडूस तर प्रत्येक घटकाची माहिती लेखी द्यावी, कारण उत्तेजक चाचणीत शरीरात आढळलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूवरच असते.

वेदना दडपून मैदानात उतरलेल्या तरुणाचा पाय चाचणीच्या दिवशीच दगा देण्याचा संभव असतो. तारीख विचारून, उरलेले आठवडे मोजून, सरावाचा तक्ता औषधपत्रकावरच लिहून द्यावा. मनाई न पाळणारा रुग्ण असा तक्ता बहुधा पाळतो.