'फेदर' म्हणजे केवळ पीस नव्हे

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या मुलांस शब्दकोशात 'फेदर' या शब्दापुढे 'पीस' हा अर्थ सापडतो व त्यांचे समाधान होते. आमचेही एके काळी झाले होते. 'बर्ड्स ऑफ अ फेदर' याचे भाषांतर आम्ही शाळेत 'एका पिसाचे पक्षी' असे केले. तेव्हा एकच पीस असलेला पक्षी थंडीत कसा राहात असेल, असे गुरुजींनी विचारले आणि सारा वर्ग हसला. तेथे 'फेदर' म्हणजे जात, वाण. आपण ज्यांस एकाच माळेचे मणी म्हणतो, तेच हे.

शब्द मात्र आपणांस अगदीच परका नाही. संस्कृतात 'पत्' म्हणजे उडणे व पडणे. त्यापासून 'पत्र' झाले, म्हणजे पंख, झाडाचे पान, आणि पुढे चिठ्ठीही. 'फेदर' याच कुळातील आहे. लॅटिन भाषेतील 'पेन्ना' हे त्याचे भावंड. त्यावरून 'पेन' आला, कारण युरोपात शतकानुशतके गूज पक्ष्याचे पीस तासून लेखणी करीत. खिशातील लहान चाकूस 'पेननाइफ' म्हणतात ते त्यामुळेच. तेव्हा वाचकांच्या हातातील हे पत्र व आमच्या हातातील पेन ही एकाच घराण्यातील म्हणावयाची!

टोपीत पीस खोवणे ही मानाची गोष्ट. आपल्याकडे शिरपेचात तुरा खोवतात. आपल्या घरट्यास पिसांचे अस्तर लावणे मात्र चांगले नव्हे. दुसऱ्याचा पैसा हाताळता हाताळता स्वतःचे घर भरणाऱ्याविषयी तसे बोलतात. नावाडी वल्हे पाण्याबाहेर काढताच वारा अडू नये म्हणून त्याचे पाते आडवे करतो, त्यासही 'फेदर' करणे म्हणतात. उलट, आपण जेथे पराचा कावळा करतो, तेथे इंग्रज मनुष्य पिसाकडे वळतही नाही. तो मातीच्या ढिगाचा डोंगर करतो.

परंतु याच पिसाने एकदा माणसांचे प्राण घेतले. झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरे पीस दिसले, तर तो कमअस्सल व लढाईत कच खाणारा, अशी इंग्लंडात समजूत होती. त्यावरून पांढरे पीस भ्याडपणाची खूण ठरले. ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू होताच, चार्ल्स पेनरोझ फिट्झजेराल्ड या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने फोकस्टन या गावी ३० स्त्रिया जमविल्या. सैनिकी पोशाखात नसलेल्या तरुणास भर रस्त्यात पांढरे पीस द्यावयाचे, हे त्यांचे काम. हा प्रकार देशभर पसरला. लष्करभरतीची सक्ती तर १९१६ मध्ये आली. तोपर्यंत कित्येक तरुण केवळ लाजेने भरती झाले, आणि त्यांतील किती तरी परत आले नाहीत. जॉर्ज सॅमसन या खलाशास गॅलिपोलीतील शौर्याबद्दल १९१५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. त्याच्याच सत्कारास तो साध्या कपड्यांत जात असता कोणी तरी त्याच्याही हाती पांढरे पीस ठेवले, असे सांगतात.

रजेवर आलेले, जखमी होऊन घरी परतलेले, तेही या पिसातून सुटले नाहीत. अखेर सप्टेंबर १९१६ मध्ये सरकारने जखमांमुळे वा आजारामुळे सेवामुक्त झालेल्या सैनिकांसाठी चांदीचा एक बिल्ला काढला. तो कोटावर लावून ती माणसे बाजारहाटास जात.