खड्डा खणताय? आधी माती बघा!

जुलै आला की एनएसएसच्या ग्रुपवर मेसेज पडतोच. रविवारी सकाळी सातला टेकडीवर वृक्षारोपण, टोपी आणि पाण्याची बाटली आणा. तुम्ही जाता, रोप लावता, सेल्फी काढता. पण पुढच्या मे महिन्यात तिकडे फिरकलायत कधी? बऱ्याचदा खड्डा असतो, वाळकी काडी असते, झाड नसतं. पाणी घातलं नाही हे कारण आहेच. पण अनेकदा ते झाड त्या जागेचं नसतंच, आणि यावर कुणी बोलत नाही.

म्हणजे काय, ते बघायला मेळघाटात चला. नकाशावर सगळं एकच ‘शुष्क पानझडी जंगल’. प्रत्यक्षात डोंगरमाथ्यावरून ओढ्यापर्यंत उतरा, तासाभरात शेजारीपाजारी बदलत जातात. माथ्यावर खडक आणि वीतभर मुरूम, पाणी थांबतच नाही. तिथे सालई उभी असते. कागदासारखी सुटणारी साल, आणि खरवडली की सुगंधी डिंक. खडकाला बिलगलेला पांढराफटक कांडोळही इथलाच. उतारावर धावडा. जरा खाली, माती खोल झाली की साग. त्याला ओल लागते, पण पाय पाण्यात बुडालेले अजिबात खपत नाहीत. म्हणून सपाटीवरच्या चिकणमातीत, जिथे पावसाळ्यात पाणी तुंबतं, तिथे तो मागे पडतो आणि मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन पुढे येतो. पळसही अशी जमीन चालवून घेतो. अगदी ओढ्याकाठी अर्जुन आणि जांभूळ.

पाऊस सगळ्यांवर जवळजवळ सारखाच पडलेला असतो. तो डिसेंबरपर्यंत पुरणार की एप्रिलपर्यंत, हे माती आणि उतार ठरवतात. उताराचं तोंड कुठे आहे यानेही फरक पडतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडचा उतार लवकर सुकतो, उत्तरेकडचा ओल जपतो. (हे बॉटनीच्या प्रॅक्टिकलला कुणी टेकडीवर नेऊन दाखवलं असतं, तर जर्नल उतरवायला एवढा कंटाळा आला नसता.)

आणि जिथे नुसतं गवत आहे, ती जागा ‘रिकामी’ नसते. पातळ मातीवर गवत हेच तिथलं जंगल. ते उकरून खड्डे पाडले की होती ती मातीसुद्धा पहिल्या जोरदार सरीत वाहून जाते. पुण्याच्या टेकड्यांवरचा ग्लिरिसिडिया बघा. मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिकेचा, भराभर वाढतो म्हणून लावला गेला. हिरवळ दिसते खरी, पण तिथल्या गवताचं काय झालं, हे विचारायला हवं.

तेव्हा येत्या रविवारी रोपाआधी पहार हातात घ्या. मूठभर ओली माती तळहातावर वळून बघा. लांब वळी झाली तर चिकणमाती, भुरभुरली तर मुरूम-वाळू. आजूबाजूला आपोआप काय उगवलंय, त्यांची नावं विचारा. गुराख्यांना सरांपेक्षा जास्त माहीत असतात. आणि वीतभर खाली पहार खणकन वाजली, तर हातातलं जांभूळ ओढ्याकाठी खणणाऱ्या मित्राला देऊन टाका.