हिरव्या किरणाचे मूळ

सुट्टीवरून परतणाऱ्या मुलांच्या पेट्यांत अलीकडे आम्हांला एक वस्तू वारंवार आढळते: जत्रेतून आणलेला हिरवा लेझर पॉइंटर. पेनाएवढी नळी, कळ दाबली की समोरच्या टेकडीवर हिरवा ठिपका. वसतिगृहाच्या नियमावर बोट ठेवून तो काढून घेणे सोपे आहे. परंतु कारण सांगितल्यावाचून काही काढून घेणे आम्हांला पटत नाही, आणि कारण सांगावयाचे तर प्रकाश व पदार्थ यांच्यातील एका विलक्षण व्यवहाराची ओळख करून द्यावी लागते.

अशा बहुतेक पॉइंटरांत हिरवा प्रकाश देणारा दिवा नसतोच. आतील लहानसा डायोड ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश देतो. निओडिमियम मिसळलेला एक स्फटिक तो शोषून घेतो आणि १०६४ नॅनोमीटरचा लेझर निर्माण करतो. हाही अवरक्तच, डोळ्यांना न दिसणारा. पुढे पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेट नावाच्या दुसऱ्या स्फटिकात त्यातील काही भागाची तरंगलांबी नेमकी निम्मी होते: ५३२ नॅनोमीटर. हाच तो हिरवा रंग.

लाल काचेतून आलेला प्रकाश लाल दिसतो, पण काच तो लाल रंग घडवीत नाही. इतर रंग फक्त अडवते. मग या स्फटिकाने नवा रंग कोठून आणला? पदार्थातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राबरोबर झोपाळ्यासारखे हेलकावतात. प्रकाश मंद असेल तर हेलकावा रेट्याच्या प्रमाणात असतो आणि इलेक्ट्रॉन आला तसाच प्रकाश परत देतात. रेटा फार वाढला की हे प्रमाण बिघडते. त्यातही स्फटिकाची रचना एका बाजूस एक व उलट बाजूस दुसरी अशी असेल, तर झोपाळा एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी जातो. अशा विषम हेलकाव्यात दुप्पट वारंवारतेची हालचालही मिसळलेली असते, व तिच्यातून निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश उमटतो. या शाखेला अरैखिक प्रकाशिकी म्हणतात. साध्या काचेची अंतर्रचना सरासरीने दोन्ही बाजूंस सारखीच असल्यामुळे तिच्यात ही दुप्पट साधत नाही.

एवढा रेटा सूर्यप्रकाशाकडे नसतो. म्हणून १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाचा लेझर पेटविला तेव्हाच हा मार्ग खुला झाला. पुढल्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन व सहकाऱ्यांनी त्या जातीच्या लेझरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल झोत क्वार्ट्झमध्ये, म्हणजे आपल्या गारगोटीच्याच शुद्ध स्फटिकात, एकवटला. वर्णपटाच्या छायाचित्रात ३४७ नॅनोमीटरपाशी एक अगदी पुसट ठिपका आला. छपाईच्या वेळी तो धुळीचा डाग समजून काढला गेला! आजही त्या शोधनिबंधातील बाण कोऱ्या जागेकडे बोट दाखवीत उभा आहे.

ठिपका इतका पुसट का? स्फटिकात दोन रंगांचा वेग वेगवेगळा असतो. लेझीम पथकात पुढच्या व मागच्या रांगेचा ठेका चुकावा, तसा आरंभी जन्मलेला नवा प्रकाश नंतर जन्मलेल्या प्रकाशाशी जुळत नाही आणि दोघे एकमेकांना मारतात. दोन्ही रंग एकाच वेगाने जातील अशा नेमक्या कोनात स्फटिक कापला की ठेका जुळतो. १९६२ साली हे दाखविले गेले, आणि जे प्रयोगशाळेत मुश्किलीने दिसे ते पुढे खिशातल्या नळीत मावले.

आता मूळ मुद्दा. रूपांतर कधीच पूर्ण होत नाही. उरलेला अवरक्त प्रकाश अडविण्यासाठी चांगल्या पॉइंटरात गाळणी-काच बसवितात. स्वस्त पॉइंटरात ती पुष्कळदा नसतेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत एका पॉइंटरमधून हिरव्यापेक्षा अवरक्त प्रकाशच अधिक बाहेर पडत असल्याचे आढळले. डोळ्याचे भिंग हा प्रकाशही दृष्टिपटलावर एकवटते. पण तो दिसत नाही, म्हणून पापणी लवत नाही. इजा होताना वेदनाही होत नाहीत.

थंडीची गोष्ट त्याहून घातक. गारठ्यात डायोडची तरंगलांबी सरकते, स्फटिकातील जुळणी बिघडते, आणि हिरवा ठिपका मंदावतो. अवरक्त मात्र बाहेर पडतच राहतो. सेल उतरला असे समजून मूल नळीच्या तोंडात डोकावून पाहते. आम्हांला भय आहे ते या क्षणाचे.

थेट हिरवा प्रकाश देणारे डायोडही आता मिळतात व त्यांत हे अवरक्त नसते. पण बाहेरून नळी पाहून फरक ओळखता येत नाही, आणि त्यांचा हिरवा किरणही प्रखर असेल तर डोळ्यास बाधतोच. म्हणून पालकांना विनंती, की जत्रेत मुलाने हट्ट धरला तरी ही वस्तू घेऊन देऊ नये. काढून घेतलेले पॉइंटर सेल वेगळे करून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवले आहेत. त्यांतील एक उघडून नववीच्या मुलांना आतला स्फटिक दाखविला. तांदळाच्या कणीएवढा तुकडा, सगळ्यांच्या हातून फिरला. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या संस्थेत अवरक्त प्रकाशाची शक्ती मोजण्याचे उपकरण असल्यास त्यांनी विज्ञान शिक्षकांशी संपर्क साधावा. उरलेले पॉइंटर एकदा मोजून पाहावेत, असा आमचा विचार आहे.