आकाशातला सिग्नल: एटीसी आणि पायलट नेमकं काय बोलतात?

आजचा विषय आपल्या डोक्यावरचा आहे, अगदी शब्दशः. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात संध्याकाळी गच्चीवर गेलात आणि आकाश स्वच्छ असेल, तर मुंबईकडे निघालेली विमानं दिवे लावून एकामागे एक जाताना दिसतात. बदलापूरहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण 40 किलोमीटर. 25 डिसेंबर 2025 ला सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ त्याहून जवळ, साधारण 25 किलोमीटर. मग एवढ्या गर्दीत विमानं धडकत कशी नाहीत?

आपल्याला लोकल चांगली माहीत आहे. मोटरमनला लाल दिवा दिसला की गाडी थांबते. आकाशात खांब नाही की दिवा नाही. तिथला सिग्नल म्हणजे माणसाचा आवाज. तो देतात एअर ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणजेच एटीसी.

आपल्याला वाटतं, सगळे कंट्रोलर त्या उंच टॉवरमध्येच बसतात. तसं नाही. मुंबईचा टॉवर सुमारे 84 मीटर उंच आहे, पण तिथली माणसं मुख्यतः रनवे आणि त्याच्या आसपासचं बघतात. आपल्या गच्चीवरून दिसणारं विमान असतं ‘अप्रोच’वाल्यांच्या ताब्यात. ते रडारच्या पडद्यासमोर बसतात. खरं विमान त्यांना दिसतही नाही. दिसतो एक ठिपका, त्याचं नाव, उंची आणि वेग. रांग लावून झाली की ते विमान टॉवरकडे सोपवतात आणि पायलट रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलतो.

मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तरी गर्दीच्या तासाला चाळीसहून जास्त विमानांची ये-जा होते. म्हणजे दर दीड मिनिटाला एक! बोलायला वेळ कमी, म्हणून शब्द ठरलेले. समजा कंट्रोलर म्हणाला:

“एअर इंडिया वन टू थ्री, डिसेंड टू फोर थाउजंड फीट.”

पायलटने “हो हो, कळलं” म्हणून चालत नाही. तो म्हणतो:

“डिसेंडिंग टू फोर थाउजंड फीट, एअर इंडिया वन टू थ्री.”

याला रीडबॅक म्हणतात. कंट्रोलरचं काम इथे संपत नाही. आपण सांगितलं तेच परत आलं का, हे त्याला कान देऊन ऐकावं लागतं. चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. आणि ‘रॉजर’ म्हणजे होकार नव्हे बरं का! त्याचा अर्थ फक्त ‘तुमचं बोलणं पोचलं’.

एवढा काटेकोरपणा कशाला? 27 मार्च 1977, स्पेनचं तेनेरीफ बेट. दाट धुकं. केएलएमचं जम्बो जेट रनवेच्या एका टोकाला उभं, आणि त्याच रनवेवरून पॅन ॲमचं जम्बो हळूहळू येत होतं. केएलएमचा सहवैमानिक म्हणाला, आम्ही आता टेक-ऑफला आहोत. टॉवरला वाटलं, थांबलेत. टॉवर “ओके” म्हणाला, आणि पुढे, टेक-ऑफसाठी थांबा. नेमकं त्याच क्षणी पॅन ॲमने सांगितलं, आम्ही अजून रनवेवरच आहोत. या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले, तर शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो. केएलएमच्या कॉकपिटमध्ये “ओके” ऐकू आलं आणि पुढे ती शिट्टी. 583 माणसं गेली.

त्यानंतर नियम कडक झाले. आता ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त ती परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा. बाकी वेळी म्हणायचं ‘डिपार्चर’.

आपल्याकडे हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरण बघतं. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी किंवा इंजिनीअरिंग केलेल्यांना त्यांची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह एटीसीची परीक्षा देता येते. तिच्या निवडीत आवाजाचीही चाचणी असते. का, ते आता तुम्हाला सांगायला नको.

एटीसीबद्दल अजून काही प्रश्न असतील तर कळवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू!