अंगणाची माती पाणी का पीत नाही?

पावसाची एक जोरदार सर येऊन गेली, की आपल्या अंगणात काय घडते हे कधी नीट पाहिले आहे का? साताऱ्यात आमच्या घरामागे आठ मीटर लांब व पाच मीटर रुंद अंगण आहे. निम्म्या भागावर शहाबादी फरशी आणि उरलेल्या भागात रोज झाडून लख्ख ठेवलेली उघडी माती. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. तेव्हा २० मिलिमीटर पावसात ह्या ४० चौरस मीटरवर ८०० लिटर पाणी पडते. त्यातले बरेचसे गढूळ होऊन फाटकाखालून गटारात जाई, आणि एप्रिलमध्ये कोपऱ्यातल्या लिंबोणीला आम्ही बादल्या घालत असू!

फरशीचे समजले, पण माती का पीत नाही? पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्या माऱ्याने मातीच्या रवाळ कणांचा चुरा होतो, बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात व वर खपली धरते. पुढचा पाऊस तिच्यावरून वाहून जातो.

आता एक प्रयोग करा. एक ढेकूळ उघड्या जागेतले घ्या, दुसरे पाचोळा वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या झाडाखालचे. दोन्ही आठवडाभर सावलीत वाळू द्या. पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत, काठाच्या थोडे खाली, तारेची जाळी अडकवा आणि पाण्यात बुडतील अशी ढेकळे तिच्यावर अलगद ठेवा. आमचे उघड्या मातीचे ढेकूळ दोन मिनिटांत ढासळले. आंब्याखालचे दुसऱ्या दिवशीही शाबूत होते.

कोरड्या ढेकळातील सूक्ष्म छिद्रे म्हणजे केशनलिकाच. पाणी सर्व बाजूंनी आत घुसते, मधली हवा कोंडते, तिचा दाब वाढतो आणि ढेकूळ आतून फुटते. पाचोळ्याखालच्या मातीत मात्र बुरशीच्या तंतूंनी कण बांधलेले असतात, जिवाणूंच्या डिंकासारख्या स्रावाने चिकटलेले असतात. हवा बुडबुडे होऊन निघून जाते आणि कण जागच्या जागी राहतात. गांडुळे आणखी मोठ्या वाटा पाडतात. (चार्ल्स डार्विनने गांडुळांच्या ह्या कामावर १८८१ साली अख्खे पुस्तक लिहिले.) ह्या सर्व मजुरांची शिदोरी म्हणजे पालापाचोळा आणि जिवंत मुळांतून पाझरणारी शर्करा. आणि आम्ही तो पाचोळा रोज झाडून जाळत होतो!

मग एका उन्हाळ्यात निम्मी फरशी उचलली. घट्ट झालेली माती पहारीने एकदाच सैल केली. गवंडी वापरतात तशा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने समान पातळीच्या खुणा केल्या आणि त्या रेषेवर, उताराला आडवा, वीतभर खोल चर खणला. चराच्या खालच्या अंगाला कढीपत्ता, गवती चहा व अळू लावले. सर्वत्र चार बोटे पाचोळा पसरला. झाडाच्या बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर साल कुजते. भिंतीलगतही पसरू नये, वाळवी येते. चरात पाणी आठवडाभर साचून राहू देऊ नये, नाहीतर डासांची सोय होईल.

एक चूक माझ्याकडून झाली. सुताराकडचा भुसा मी मातीत कालवला. महिन्याभरात लिंबोणीची पाने पिवळी पडली. लाकडात कर्ब भरपूर, नत्र नाममात्र. भुसा कुजवणाऱ्या जिवाणूंनी नत्राची भूक मातीतून भागवली व झाड उपाशी राहिले. कुजलेले शेणखत घातल्यावर ते सावरले. असे पदार्थ मातीत मिसळू नयेत, वर पसरावेत, हे मी पदार्थविज्ञान शिकवता शिकवता असा शिकलो!

तिसऱ्या पावसाळ्यानंतर मोजमाप केले. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोकला व त्यात एक लिटर पाणी ओतले. पाचोळ्याखाली ते चार मिनिटांत जिरले. उघड्या मातीत अर्धा तास लागला. आई मात्र दारापुढचा हातभर पट्टा अजून रोज झाडते. तो तसाच राहू दिला आहे. तुलनेसाठी उघडी माती लागतेच.