तोल सांभाळणारा कान

आज कानाबद्दल बोलू, पण ऐकण्याबद्दल नाही. तोलाबद्दल.

शरीराला तोलाची खबर तिघांकडून मिळते: डोळे, पायांचे स्नायू-सांधे आणि आतला कान. सैन्यात रात्रीच्या मार्चला मी हे पुष्कळदा अनुभवलं. डोळ्यांना काही दिसत नाही, पायाखाली दगडधोंडे. तेव्हा खरी भिस्त कानावर.

प्रत्येक कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव मात्र क्षणभर मागे राहतो. पाण्याची बादली जागच्या जागी फिरवून पाहा, तसंच. त्यामुळे आतल्या पेशींचे सूक्ष्म केस वाकतात आणि डोकं कुठे वळलं ते मेंदूला कळतं. शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत जेलीसारख्या थरावर कॅल्शियमचे बारीक कण असतात. डोकं कललं किंवा लिफ्ट सुरू झाली, की त्यांच्यामुळे कळतं.

व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आलं, की कान धुताना पाणी गार असलं तर रुग्णाला चक्कर येते आणि डोळे एका बाजूला झटके देतात. पाणी गरम असलं तर उलट बाजूला. त्यातून नलिका तपासायची रीत मिळाली. १९१४चं नोबेल त्यांना जाहीर झालं, तेव्हा हे लष्करी डॉक्टर रशियाच्या युद्धकैदेत होते.

आता आपल्या कामाचं. वय वाढलं की ते कण सुटून नलिकेत शिरू शकतात. मग कूस बदलली किंवा वरच्या फळीकडे पाहिलं, की काही सेकंद घर गरगरतं. लोक बीपी समजून स्वतःच गोळ्या बदलतात. तसं करू नका. कान-नाक-घशाचे डॉक्टर आडवं करून, डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत पिशवीत आणतात. अमेरिकेतल्या जॉन एपली यांची ही रीत. बऱ्याच जणांना एक-दोन खेपेतच आराम पडतो.

मात्र चकरेबरोबर बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. थेट हॉस्पिटल गाठा.

आणि मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील, तर एक खबऱ्या आधीच गेला. अंधारात दुसराही जातो. म्हणून रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा.